वाचकांचे प्रश्न: कार्बाइनचं चेंबर वाढवू का?

प्रश्न: मी टेक्सासला असतो. १८७३ च्या स्प्रिंगफील्ड ट्रॅपडोर कार्बाइनची (मागचं झाकण उघडून काडतूस घालायची आखूड बंदूक) रेप्लिका घेतलीय, ४५-७० काडतुसाची. रेंजवर एकजण म्हणाला चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, वाढवून ४५-९० काडतुसाची करून घे, मजा येईल. करू का?

उत्तर: अजिबात नको! ४५ म्हणजे ०.४५ इंच कॅलिबर आणि ७० म्हणजे ७० ग्रेन, साधारण साडेचार ग्रॅम काळी दारू, म्हणजे बंदुकीची जुनी धुराची दारू. पण घोडदळाच्या कार्बाइनला आर्मी ५५ ग्रेनच द्यायची, कारण २२ इंची नळीची ती हलकी बंदूक खांदा सडकून काढायची. मग तुम्ही ९० चा धक्का कशाला ओढवून घेताय? शिवाय ४५-९० ची केस (काडतुसाचं धातूचं कवच) २.४ इंच लांब, तुमची २.१, एकदा चेंबर कापलं की परत जोडता येत नाही, आणि पुढेमागे कुणी त्यात आजकालची बिनधुराची जोरदार काडतुसं घातली तर ट्रॅपडोरचं झाकण ते सोसेल असं समजू नका.

आणि काळ्या दारूत केसमधे पोकळी ठेवायची नसते, दारू कमी असेल तर वर वॉड, म्हणजे जागा भरायचा बोळा, भरायचा. बाकी साफसफाईचा कंटाळा करू नका, काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढते आणि नळी गंजते, त्यामुळे त्याच दिवशी गरम साबणाचं पाणी, कोरडं पुसणं, मग तेल. १८७६ ला लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकन घोडदळाच्या या कार्बाइनमधे तांब्याच्या केसेस चेंबरमधे अडकल्या होत्या, तुम्ही पितळीच वापरा.