नवी गोळी, जुनी गोळी

वडिलांची अँजिओप्लास्टी झाली, परवा घरी आणलं. डिस्चार्ज कार्डावर बीपीची नवी गोळी आहे, जुनीही घरात आहे. दोन्ही द्यायच्या का? (खानापूर)

दोन्ही स्ट्रिप शेजारी ठेवा. ठळक नाव कंपनीचं. औषधाचं नाव बारीक अक्षरात असतं, ते वाचा. दोन्हीकडे अ‍ॅम्लोडिपिन असेल, तर औषध एकच, फक्त कंपन्या दोन. दोन्ही दिल्या तर बीपी फार उतरून घेरी येऊ शकते, पायांना सूज येऊ शकते. नावं वेगळी निघाली तरी स्वतः ठरवू नका, आजच डॉक्टरांना फोन करा. माझ्या औषधाच्या दुकानात हा घोळ नेहमीचा. घरी सोडताना नवीन काय ते सांगतात, जुन्यातलं काय बंद ते राहून जातं. ते तुम्हीच विचारायचं, तेही घरच्या सगळ्या गोळ्या पिशवीतून नेऊन, समोर ओतून.

याच्या उलटही होतं. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, दोन्ही 'रक्त पातळ करायच्या' म्हणून काहीजण एक सोडतात. त्या एकसारख्या नाहीत. अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे बारीक जाळी, बसवतात. त्यानंतर त्या गोळ्या मध्येच थांबल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. दाढ काढायची असली तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

कार्ड इंग्रजीत, नर्सबाईंनी सांगितलं कन्नडात. आईला दोन्ही येत नाही. (निपाणी)

आकडे सगळ्यांचे सारखेच. 1-0-1 म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. कन्नडातले दोन शब्द पाठ करा: 'ऊटक्के मुंचे' म्हणजे जेवणाआधी, 'ऊटद नंतर' म्हणजे जेवणानंतर. 'नंतर' तर आपलाच वाटतो! पण निघण्याआधी आईनंच नर्सबाईंना उलट सांगावं, "ही सकाळी उपाशीपोटी, ही रात्री, बरोबर ना?" मराठी कळणारं कोणीतरी वॉर्डात असतंच, त्याला बोलवा. मान डोलावून घरी येणारे फसतात. स्ट्रिपवर पेनानं सूर्य-चंद्र काढा, मात्र एक्स्पायरीची तारीख झाकू नका.

संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच लिहिलीय. चुकून तर नाही? (चिक्कोडी)

चूक नाही. रोज घेतली तर तोंड येतं, रक्तपेशी घटतात, जिवावर बेतू शकतं. गावच्या बाजाराचा वार धरा आणि त्या वाराचं नाव डबीवर मोठ्या अक्षरात लिहा. सोबतची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी वेगळी, तिचा वार डॉक्टरांकडून लिहून घ्या. दोन्ही पिवळ्या असल्या तर एका डबीत मुळीच ठेवू नका.