आजोबांच्या कपाटात इतिहास-समाजावरची जुनी जाडजूड पुस्तकं निघाली आहेत. आज ती वाचण्यात काही अर्थ आहे का?

आधी रद्दीवाल्याला परत पाठवा, मग बोलू.

तुम्ही लिहिलंय की घर विकायचं ठरलंय आणि काचेच्या कपाटात पन्नास-साठ ठोकळे निघालेत: 'गावगाडा', पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरचे (सरकारने काढलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथाचे) खंड, खेड्यांच्या पाहण्यांचे इंग्रजी अहवाल. आणि तुमची शंका अशी की एवढं नवं संशोधन झाल्यावर हे शंभर वर्षांपूर्वीचं कोण वाचणार.

मी इतिहासाचा माणूस नाही. सॉफ्टवेअर टेस्टिंगवर पोट चालतं. पिंपळे सौदागरला सातव्या मजल्यावर राहतो, खाली जिम, समोर मॉल. काही वर्षांपूर्वी पाण्याच्या टँकरवरून सोसायटीत भांडण चाललं होतं, तेव्हा इथे पूर्वी विहिरी किती होत्या हे शोधायला म्हणून मी इंटरनेटवर गावाचं नाव टाकलं. निघालं ते १९१७ सालचं एक इंग्रजी पुस्तक. हॅरल्ड मॅन नावाचा शेतीरसायनशास्त्रज्ञ पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा प्राचार्य होता. त्याने पुण्याजवळचं एक खेडं निवडून त्याची जमीन, माती, विहिरी, पिकं, गुरं, कर्ज, घराघराची मिळकत असं सगळं मोजून लिहिलं. ते खेडं म्हणजे पिंपळे सौदागर. ज्या गावाला मी फक्त पिनकोड समजत होतो, त्याच्यावर एक अख्खं पुस्तक होतं. त्या रात्री टँकर राहिला बाजूला.

मॅनने गावची जुनी दप्तरं चाळून जमिनीच्या तुकड्यांचा हिशेब मागे नेला. १७७१ साली सरासरी खातं, म्हणजे एका नावावरची जमीन, ४० एकरांचं होतं. १८१८ ला साडेसतरा, १८२० ते १८४० च्या दरम्यान १४, आणि १९१४-१५ ला ७ एकर. शिवाय त्याने १०३ कुटुंबांचा जमाखर्च मांडला. निव्वळ शेतीवर ज्यांचं भागतं अशी निघाली ८. बाहेरच्या कमाईची जोड देऊन तोंडमिळवणी करणारी २८. उरलेल्या ६७ घरांचं कशानेच भागत नव्हतं. पुणं-खडकी हाकेच्या अंतरावर असलेल्या, पवनेकाठच्या गावाची ही कथा. पुढे १९२१ मध्ये त्याने कानिटकर नावाच्या सहकाऱ्याला सोबत घेऊन शिरूरकडच्या जातेगाव बुद्रुकचा असाच अभ्यास केला. ते कोरडवाहू गाव, तिथलं चित्र याहून वाईट.

आता तुमचा प्रश्न: हे जुनं झालं का? निष्कर्ष जुने झाले असतील. पण ती मोजणी पुन्हा करता येणार नाही, कारण मोजायला ती शेतंच राहिलेली नाहीत. नवं संशोधन जे काही म्हणेल ते याच आकड्यांवर उभं राहून म्हणेल. म्हणून मी जुन्या पुस्तकातलं 'काय पाहिलं' आणि 'त्यावरून काय ठरवलं' हे दोन वेगळ्या पेन्सिलींनी खुणावत वाचतो. आमच्या धंद्यातली सवय, दुसरं काय. लॉग वेगळा, लॉगवरून काढलेलं अनुमान वेगळं.

शंका मात्र घ्यायची. उदाहरणार्थ ते ४० एकर. १७७१ च्या कागदात एका नावावर दिसणारी जमीन चार भाऊ मिळून कसत असतील, आणि १९१५ ला तेच चौघे चार खात्यांत दिसत असतील, तर सगळी घट खरी घट नाही. असा प्रश्न पुस्तकाला विचारता आला की ते पुस्तक जिवंत आहे असं मी समजतो. १९१८ मध्ये तरुण आंबेडकरांनी लहान धारणक्षेत्रांवर, म्हणजे शेतजमिनीच्या लहान तुकड्यांवर, एक इंग्रजी निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं साधारण असं की तुकडा लहान आहे हे मूळ दुखणं नव्हे. शेतीत भांडवल नाही आणि तिच्यावर रिकाम्या हातांचा भार फार आहे, तेव्हा उपाय उद्योगधंदे वाढवण्यात आहे. मॅनच्या पाठोपाठ हा निबंध वाचा. मला तर दोघं समोरासमोर बसून वाद घालतायत असंच वाटलं होतं.

आमच्या गावात जुन्या घरातले एक आजोबा आहेत, त्यांना मी पुस्तकातले आकडे वाचून दाखवले. १०३ घरांपैकी ८, हे ऐकून ते हसले. म्हणाले, "त्या आठात आम्ही नसणार बघा. आमच्या आज्याचा एक पाय शेतात अन् एक सावकाराच्या ओट्यावर." थोडं थांबून म्हणाले, "पण साहेबानं बायांना विचारलं होतं का? घराचा हिशेब आज्जीकडं असायचा." त्या रात्री मी पुस्तक पुन्हा उघडलं आणि बायका शोधत बसलो. फारशा सापडल्या नाहीत.

यावरून एक गोष्ट मी पक्की केली: आधी लिहिणाऱ्याचा धंदा पाहायचा. मॅन रसायनशास्त्रज्ञ, म्हणून माती आणि विहिरीचं पाणी बारकाईने येतं. त्याच्याही शंभर वर्षं आधी, पेशवाई संपल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८१९ मध्ये थॉमस कोट्स नावाच्या डॉक्टरने नगर रस्त्यावरच्या लोणी गावाचं असंच वर्णन लिहिलं. तो डॉक्टर, म्हणून लोक काय खातात, अंगावर काय घालतात, घरात भांडी कोणती, लग्नात खर्च किती हे सगळं त्याला दिसतं. त्यातही कुणबी सावकाराच्या कर्जात आहेतच. इंग्रजी कोर्टकचेऱ्या गावात पोचण्याआधीचं हे चित्र आहे, त्यामुळे 'पूर्वी सगळं छान होतं, इंग्रज आले आणि शेतकरी कर्जात बुडाला' ही सरळ गोष्ट तिथेच अडखळते. लोणी म्हणजे आजचं लोणीकंद. गोविंद सदाशिव घुर्ये, मालवणचे आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र रुजवणारे, यांनी सव्वाशे-दीडशे वर्षांनी त्याच गावात जाऊन १९६० मध्ये 'तेव्हा आणि आता' असं पुस्तक काढलं. एकाच गावाची अशी दोन पुस्तकं मिळणं म्हणजे चैन आहे.

'गावगाडा' तुमच्याकडे आहे म्हणता, तर त्याबद्दल थोडं जास्त. त्रिंबक नारायण आत्रे हे महसूल खात्यातले अधिकारी. पुस्तक १९१५ चं. मराठीत खेड्याच्या रचनेवर एवढं बारीक त्याआधी कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. काळी म्हणजे रान, पांढरी म्हणजे वस्ती, इथून ते तुमचं बोट धरतात. मग पाटील, कुलकर्णी, पाटलाचा मदतनीस चौगुला, कारू-नारू म्हणजे बलुतेदार-अलुतेदार, वतनं म्हणजे वंशपरंपरेची कामं आणि त्यांचे हक्क. बलुतेदार म्हणजे गावाची कामं करून खळ्यावर धान्याचा वाटा घेणारे. त्यांच्या याद्या गावागणिक बदलतात, पण आत्रे त्यांच्या तीन ओळी लावतात. थोरलीत सुतार, लोहार, महार, मांग. मधलीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. धाकटीत भट, मुलाणा, गुरव, कोळी. भट धाकट्या ओळीत पाहून मी पहिल्यांदा दचकलो होतो. ही उतरंड मानापानाची नव्हती, कुणब्याला शेतीत कोणाची गरज किती त्यावर खळ्यावरचा वाटा ठरायचा. बलुतं या व्यवहाराबद्दल शाळेत चार ओळी शिकलो होतो. तो प्रत्यक्षात चालायचा कसा, हे आत्र्यांमुळे कळलं. भाषाही झकास. सरकारी माणूस असून कागदी लिहीत नाहीत.

पण आत्रे खळ्याकडे बघतात ते शेतसारा भरणाऱ्या कुणब्याच्या बाजूने. त्याच्या राशीत किती जणांचे हात जातात याचा हिशेब ते चिडून मांडतात. बलुतेदारी कालबाह्य झाली, तिचा बोजा शेतकऱ्यावर पडतो, हे त्यांचं ठाम मत. भटक्यांबद्दल लिहिताना तर त्यांची लेखणी पुरती सरकारी होते. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता, तो १९५२ पर्यंत टिकला. अख्ख्या जमातीला जन्मजात चोर ठरवणारी ती नजर आत्र्यांच्या पानांवरही आहे, आणि त्यांनी त्या विषयावर वेगळं पुस्तकही लिहिलं. ही पानं वाचताना मला लाज वाटते. तरी ती फाडून टाकावीत असं वाटत नाही. कायदा राबवणारा हुशार, कष्टाळू, शेतकऱ्याचा खरा कळवळा असलेला माणूसही कसा विचार करत होता, हे त्याच पानांवर कळतं.

त्याच खळ्याची दुसरी बाजू हवी तर आंबेडकरांचं १९२८ चं महार वतनाच्या विधेयकाचं काम पाहा, मुंबई कायदेमंडळातलं. आत्र्यांच्या यादीत थोरल्या ओळीत बसलेला महार दिवसरात्र सरकारी राबणुकीला बांधलेला होता, आणि मोबदल्यात तुटपुंजी इनाम जमीन व दारोदारचं बलुतं, हे तिथे दिसतं. 'मानाची थोरली ओळ' वगैरे शब्द मग तोंडात फिरत नाहीत. ही वतनं कायद्याने जायला त्यानंतर आणखी तीस वर्षं लागली. आणि आत्र्यांच्या बत्तीस वर्षं आधी, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून ठेवला होता. कर्ज, जंगलखातं, पाटबंधारे, कचेरीतले कारकून हे सगळं त्यात आहे, पण प्रश्न कचेरीच्या बाहेर उभं राहून विचारलेला. एक आत, एक बाहेर. दोन्ही पुस्तकं एका आठवड्यात लागोपाठ वाचा, असं मी सगळ्यांना सांगतो. अजून कोणी ऐकलेलं नाही.

गॅझेटिअरबद्दल पटकन. कँपबेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली निघालेल्या मालिकेतला पुण्याचा अठरावा खंड तीन भागांत, १८८५ चा. सलग वाचायचा नाही, वेडे व्हाल. आपलं गाव, आपला घाट, आपली पेठ काढून तेवढंच वाचायचं. जातींच्या वर्णनात 'हे लोक आळशी, ते लोक कष्टाळू' असली शेरेबाजी भेटेल. ती कोणाच्या तोंडून आली असेल याचा अंदाज घ्यायचा आणि पुढे जायचं. बाजारभाव, वाटा, देवळं, जत्रा, घरातलं सामान हे मात्र सोनं आहे.

अडचणी येतील त्या मजकुरापेक्षा मापांच्या आणि सनांच्या. चाहूर हे जमिनीचं माप, म्हणजे १२० बिघे. मण प्रत्येक पेठेत वेगळा. शकात ७८ मिळवले की इसवी सन, जुन्या सरकारी कागदांत भेटणाऱ्या फसली सनात साधारण ५९०, शुहूर सनात ५९९ किंवा ६००. शब्द अडला तर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश ऑनलाइन फुकट आहे. 'गावगाडा'तले निम्मे शब्द आजच्या कोशात मिळत नाहीत, तिथे मिळतात. जुन्या छपाईतले अनुस्वार पहिल्या वीस पानांत डोळ्यांना टोचतात, नंतर दिसेनासे होतात.

आणि हो, 'सगळं इंटरनेटवर आहेच की' म्हणून मूळ प्रत टाकू नका. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाने खूप जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवली आहेत, इतरत्रही आहेत, त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. पण घडीचे नकाशे अनेक स्कॅनमध्ये घडी न उलगडताच छापले जातात. मी एकदा हौसेने एका जुन्या पाहणीची नव्याने बांधलेली प्रत मागवली, बाराशे रुपये मोजले. गावाच्या नकाशाच्या जागी राखाडी चौकोन आला, आणि त्यावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. तुमच्या कपाटातल्या खंडांना घडीचे नकाशे असतील तर ते आधी, कोरड्या हातांनी, सावकाश उघडून पाहा. तडे गेले असतील तर चिकटपट्टी लावू नका, ती दहा वर्षांत कागद खाते. डांबराच्या गोळ्यांनी वाळवी जात नाही, महिन्यातून एकदा पुस्तक हलवून, उघडून ठेवल्याने ती लवकर लक्षात येते एवढंच. समासही बघा. जुन्या वाचकांना पेन्सिलीने भांडायची सवय असे, आणि आत्र्यांशी तुमचे आजोबा कुठे भांडले हे कुठल्याही स्कॅनमध्ये मिळणार नाही.

सुरुवात कुठून, तर तुमच्या स्वतःच्या गावापासून. तुम्ही मूळचे बदलापूरचे असं प्रोफाइलवर दिसतंय. मग तुमचं नशीब जोरावर आहे. ना. गो. चापेकरांनी १९३३ मध्ये 'आमचा गाव : बदलापूर' लिहिलं, निवृत्त न्यायाधीशाने आपल्याच गावाचं केलेलं बाड. घरं, दागिने, भाव, बोली, गाणी, काय वाट्टेल ते त्यात आहे. लोकलच्या गर्दीत लटकताना ते गाव डोळ्यांसमोर आणणं कठीण, तरी करून पाहा.

ते त्या कपाटात निघालं आणि तुम्हाला खरंच नको असेल, तर मला मेसेज करा. रद्दीच्या भावाच्या दहापट देतो आणि न्यायलाही मीच येतो.