घरच्या वर्कशॉपमधील खडबडीत कोब्यावर इंटरलॉकिंग टाइल्स थेट बसवता येतात का?

कोबा केवळ खरखरीत असेल, तर एकमेकांत अडकणाऱ्या या प्लास्टिकच्या टाइल्स थेट बसवता येतात. मात्र तो उंचसखल असेल, तर आधी सारखा करून घ्यावा लागतो, आणि घाईत नेमका हाच फरक नजरेतून सुटतो. दोन मीटरची सरळ अॅल्युमिनियम पट्टी जमिनीवर निरनिराळ्या दिशांनी ठेवून पाहावी. पट्टीखाली ४-५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली, तर तो खड्डा सिमेंटच्या मालाने भरावा, आणि वर आलेले टेंगूळ ग्राइंडरला डायमंड कप व्हील (हिऱ्याचे कण बसवलेली वाटीच्या आकाराची चकती) लावून घासून काढावे. ही धूळ फुप्फुसांना फार अपायकारक असते, त्यामुळे चांगला मास्क लावल्याशिवाय ग्राइंडर सुरूसुद्धा करू नये.

त्यानंतर ओल तपासावी. प्लास्टिकचा अर्धा मीटर चौकोनी तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस तसाच ठेवावा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा कोबा काळपट पडला, तर खालून हवा खेळेल अशा, तळाला जाळी असलेल्या पॉलिप्रॉपिलिनच्या (एक प्रकारच्या टणक प्लास्टिकच्या) टाइल्स घ्याव्यात, कारण सपाट तळाच्या टाइल्सखाली ओल कोंडून राहते.

बसवताना गोंद लागत नाही. सांधे रबरी हातोड्याने ठोकून बसवावेत आणि भिंतीलगत ६ ते १० मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. उन्हाळ्यात टाइल्स प्रसरण पावतात आणि ही जागा नसेल, तर मधोमध फुगून वर येतात. वेल्डिंगच्या कोपऱ्यात मात्र कोबा उघडाच ठेवावा, कारण ठिणग्यांनी प्लास्टिक वितळते.