साडूचंच कोटेशन बरं वाटतं, काय करू?

प्रश्न: ताई, मागच्या अंकात तुम्ही ज्यू धर्मग्रंथातलं वाक्य दिलेलं, लाच शहाण्याचेही डोळे आंधळे करते म्हणून. मी आमच्या सोसायटीचा चेअरमन. टेरेसच्या वॉटरप्रूफिंगची तीन कोटेशनं आलीत, त्यात एक माझ्या साडूचं. मी एक रुपया घेतलेला नाही, पण मनापासून मला त्याचंच काम चांगलं वाटतंय. मेंबर लोक कुजबुजतात. पैसेच घेतले नाहीत तर आंधळेपणा कसला?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: काका, 'मनापासून' इथंच तर गोम आहे की! ते वाक्य ज्यू धर्मग्रंथातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं, 16:19, आणि तिथं डोळे शहाण्याचे जातात, मूर्खाचे नाही, हे बघा. तालमूद म्हणजे ज्यूंचा धर्मशास्त्राचा जुना ग्रंथ, त्यात केतुबोत म्हणून भाग आहे त्यात यावर लई भारी गोष्टी आहेत. रब्बी (ज्यू धर्मगुरू, न्यायनिवाडाही करायचे) इश्माएल बेन योसे यांची बाग एकजण वाट्यानं कसायचा, दर शुक्रवारी फळांची टोपली आणून द्यायचा, म्हणजे फळं रब्बींच्याच बागेतली बरं का. एकदा गुरुवारीच आला, कोर्टात केस होती, येतोच आहे तर टोपली पण आणली म्हणे. रब्बींनी टोपलीही घेतली नाही आणि केसही सोडली, दुसरे दोघे न्यायाला बसवले. तरी येता-जाता यांच्या डोक्यात सुरूच, यानं असं म्हटलं तर जिंकेल, नाहीतर तसं म्हटलं तर. शेवटी स्वतःवरच वैतागले, मी घेतली नाही, घेतली असती तरी माझीच होती, आणि तरी माझं हे, मग खरंच खाणाऱ्यांचं काय होत असेल!

श्मुएल नावाच्या न्यायाधीशांना नावेतून जाताना एकानं नुसता हात दिला, त्याची केस आहे कळल्यावर म्हणाले, तुझा न्याय मी करणार नाही. आणि इथं तर साडू! पैसे नाही घेतले, मान्य, पण सासुरवाडीतला मान आणि घरातली शांतता ही काय कमी कमाई आहे का?

मिश्नात, म्हणजे तालमूदच्या मुळाशी असलेल्या ज्यू नियमसंग्रहात, तर अंगावरचे कोडासारखे डाग तपासणाऱ्यासाठी नियमच आहे, नेगाईम भाग 2:5, सगळ्यांचे बघा, स्वतःचे नाही. भरवसा ठेवलाच नाही त्यांनी, मला पटतं ते.

तेव्हा नातं मिनिट्समध्ये लिहून घ्या, तिन्ही कोटेशनं कमिटीकडे द्या आणि त्या मीटिंगला बसू नका. बाहेर टपरीवर चहा पिता पिता सेक्रेटरीला 'तसं काम चांगलंय हो त्याचं' हे पण नाही, रब्बींचं घोडं तिथंच अडलेलं. साडूला मात्र आजच फोन करा, मेंबरांकडून कळलं तर जास्त रुसेल.