वाड्यावरचं कुत्रं आणि त्याचं पोट

प्रश्न : डॉक्टर मॅडम, आम्ही माण तालुक्यातले मेंढपाळ. दिवाळी झाली की घाट उतरतो आणि पावसाच्या तोंडाला परत वर येतो. वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, तीन कुत्री आहेत. देशावर त्यांना बाजरीची भाकरी आणि ताक असतं. कोकणात शेतात मेंढरं बसवली की शेतकरी तांदूळ देतात, मग आमच्याबरोबर तीही भातच खातात. कोकरू मेलं किंवा मेंढरू कापलं तर आतलं सगळं कुत्र्यांचंच. घाट उतरून आठ दिवस होत नाहीत तोच तिघांना ढाळ लागतात. म्हातारी माणसं म्हणतात, कोकणचं पाणी बाधतं. थोरला तर इतका वाळलाय, की गळ्यातला काटेरी पट्टा दोन भोकं आत घ्यावा लागला. लांडग्याला भिडणारं कुत्रं असं झालं तर राखण कुणी करायची?

उत्तर : दादा, पाण्याला एवढ्यात दोष देऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यातच निम्मं उत्तर आहे. काल भाकरी, आज भात. आतड्यातले जिवाणू ज्या अन्नाला सरावलेले असतात ते एका रात्रीत बदललं की ढाळ लागतात. भात वाईट नाही. माणसाबरोबर राहून कुत्र्याला पिठूळ अन्न पचवायची ताकद आली आहे. २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी लांडग्याची आणि कुत्र्याची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा हा फरक स्पष्ट दिसला. वाईट आहे तो एकदम केलेला बदल. घाट उतरताना कुत्र्यांपुरतं आठवड्याचं बाजरीचं पीठ राखून ठेवा. पहिले दोन दिवस तीन हिस्से भाकरी आणि एक हिस्सा भात, मग निम्मं निम्मं, असं करत सात-आठ दिवसांत पूर्ण भातावर आणा. भात मऊ शिजवा. कांदा-लसणाच्या कालवणाचा भात मात्र घालू नका. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

रस्त्याकडेची खारवलेली मासळी आणि मासळीची डोकी ती खातात का, तेही बघा. नुसत्या भातावर अंगमेहनतीचं कुत्रं तग धरत नाही. दिवसभर चालायचं आणि रात्रभर जागायचं, तर त्याला स्निग्ध आणि प्रथिनं हवीत. एखादं उकडलेलं अंडं, शिजवलेलं मांस, ताक द्या. निरसं दूध मोठ्या कुत्र्याला पुष्कळदा पचत नाही, त्यानेही पातळ होतं. चालायच्या आधी थोडंच घाला. पोटभर जेवण वाघर (मेंढरांभोवतीची जाळी) लावून झाल्यावर संध्याकाळी.

आता तुम्ही सहज लिहून गेलात त्या वाक्याकडे येते : ‘आतलं सगळं कुत्र्यांचंच.’ नोकरीच्या ३१ वर्षांत मी मेलेली मेंढरं पुष्कळ उघडली. एकदा एका वाड्यावर काळीज (यकृत) हातात घेतलं, तर त्यावर लिंबाएवढे पांढुरके फोड. एक फोड जपून कापला. आत नितळ पाणी आणि तळाशी रव्यासारखे बारीक कण. त्यातला एकेक कण म्हणजे पट्टकृमीचं, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताचं, बी. ते काळीज कुत्र्याने कच्चं खाल्लं की त्याच्या आतड्यात अर्ध्या सेंटिमीटरचे कृमी शेकड्याने वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, मेंढरू ते गवत खातं, आणि पुन्हा काळजात नाहीतर फुप्फुसात फोड. त्या दिवशी मी हातमोजे घालून फोड कापत होते आणि शेजारी वाड्यावरचं लहान पोर कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून बसलं होतं. अंडी कुत्र्याच्या केसांनाही चिकटलेली असतात. तिथून पोराच्या हाताला, हातावरून तोंडात. माणसाच्या काळजातही असाच फोड होतो, वर्षानुवर्षं कळत नाही, आणि मग शस्त्रक्रियेची वेळ येते. ते पोर मला अजून आठवतं. म्हणून हात जोडून सांगते, असा फोड दिसला तर फोडून बघू नका, त्यातले कण सांडून कुत्र्याच्याच तोंडी जातील.

मुंडीचंही तेच. एखादी मेंढी एकाच अंगाला गोल गोल फिरते, मान वाकडी करते, हे तुम्ही पाहिलं असेल. तिच्या भेज्यात दुसऱ्या एका पट्टकृमीचा फोड असू शकतो. ती मुंडी कुत्र्याने खाल्ली की तो कृमी कुत्र्याच्या पोटात आणि तिथून पुन्हा कळपात.

तेव्हा काळीज, फुप्फुस, मुंडी हे कच्चं घालायचं नाही. फोड असलेलं काही घालायचंच नाही. ते खोल पुरून वर दगड टाका, नाहीतर जाळा. उरलेलं मांस अर्धा तास उकळून घाला. तिन्ही कुत्र्यांना प्राझिक्वांटेल हे पट्टकृमीवरचं औषध द्या, १० किलो वजनाला ५० मिलिग्रॅम, तेही अंदाजाने नको, वजन करून. दर ६ आठवड्यांनी द्या, कारण पोटात गेलेला कृमी अंडी टाकायला साधारण तेवढेच दिवस घेतो. औषधाने कृमी मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून गोळी दिल्यावर दोन दिवस कुत्री बांधून ठेवा आणि ती विष्ठा पुरा.

एवढ्या कृमींनीही मोठ्या कुत्र्याला सहसा ढाळ लागत नाहीत. म्हणून थोरला वाळलाय त्याचं कारण वेगळं शोधायला हवं. दुसरे जंत असतील, गोचिडतापही असेल. त्याची ताजी विष्ठा काडेपेटीत घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि रक्तही तपासून घ्या.

ढाळ चालू असताना एक वेळ उपास घडला तरी चालेल, पण पाणी तोडू नका. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात कालवून थोडं थोडं पाजा. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडा. ती लगेच खाली बसली नाही, हिरड्या चिकट लागल्या, किंवा विष्ठा डांबरासारखी काळी झाली, तर घरी थांबू नका. पिल्लाला उपाशी ठेवायचंच नाही. पिल्लू ओकतंय आणि रक्ताची हगवण आहे, तर पार्वो (विषाणूचा जीवघेणा रोग) समजून त्याच दिवशी दवाखाना गाठा. माणसाची तापाची किंवा अंगदुखीची गोळी कुठल्याच कुत्र्याला देऊ नका.

प्रश्न : आमची तासगावजवळ बेदाण्याची शेड आहे. राखणीचा कुत्रा खाली सांडलेला बेदाणा खातो. काल दोनदा ओकला, आज सुस्त आहे, लघवीला फारसा गेला नाही. हिंगाचं पाणी द्यावं का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र हाती आलं त्याच दुपारी मी फोन केला होता. आता इतर शेडवाल्यांसाठी इथे लिहिते. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला मारक ठरू शकतात. बेदाण्यातलं पाणी उडून गेलेलं असतं, म्हणून तो थोडाही जास्त घातक. किती खाल्ला तर चालतो याचं ठरलेलं माप नाही. एखादा पसाभर खाऊन हिंडतो आणि दुसऱ्याची त्याहून कमीत मूत्रपिंडं जातात. द्राक्षातल्या टार्टरिक आम्लावर संशय आहे. ते चिंचेतही भरपूर असतं, म्हणून चिंचही नको. आधी ओकारी, मग सुस्ती, मग लघवी कमी, हा क्रम एक-दोन दिवसांत दिसतो. हिंगाने काही होणार नाही. मिठाचं पाणी पाजून ओकवायला जाऊ नका, त्या मिठानेच कुत्रं दगावू शकतं. खाल्ल्यावर पहिल्या एक-दोन तासांत डॉक्टरांनी ओकवलं तर उत्तम. नंतर शिरेतून सलाइन आणि रक्ततपासणी. तुमच्या कुत्र्याला तीन दिवस सलाइन लागलं, चौथ्या दिवशी त्याने भाकरी मागितली, हे तुम्ही कळवलंत तेव्हा फार बरं वाटलं. निवडणी चालू असेल तेवढा वेळ त्याला शेडबाहेर बांधा.

प्रश्न : आमचा कारवानी जातीचा कुत्रा जेवल्या जेवल्या रानडुकरामागे धावला. आला तो पोट फुगवून. ओकतोय, पण फेसाशिवाय काही पडत नाही. इनो द्यावा का?

उत्तर : नाही. छाती खोल असलेल्या कुत्र्याचं जठर वाऱ्याने फुगून पिळा खातं, रक्त अडतं, आणि हातात थोडेच तास उरतात. याला शस्त्रक्रियाच लागते. पुढे दोन वेळा थोडं थोडं घाला आणि जेवणानंतर तासभर बांधून ठेवा. पण पोट ढोलासारखं वाजतंय आणि ओकारी कोरडी आहे असं पुन्हा कधी दिसलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढा आणि निघण्याआधी डॉक्टरांना फोन करा, म्हणजे ते तयारीत असतील.