अँड्रॉइडच्या फोटो ग्रिडमध्ये एकाच वेळी अनेक फोटो निवडण्याची सोय कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की रीसायकलरव्ह्यूवर (लांब यादी किंवा ग्रिड दाखवणारा अँड्रॉइडचा घटक) तीन कॉलमचा ग्रिड आहे, फोटोवर बोट दाबून धरलं की टिक येते, पण खाली स्क्रोल केल्यावर न निवडलेल्या फोटोंवरही टिक दिसू लागते. याचं कारण जवळपास नेहमी एकच असतं: निवडीची नोंद तुम्ही व्ह्यूहोल्डरमध्ये (ग्रिडमधला एक चौकोन सांभाळणारा ऑब्जेक्ट) ठेवली आहे. ग्रिडमध्ये हजार फोटो असले तरी व्ह्यू तयार होतात ते स्क्रीन भरण्यापुरते किंवा त्याहून थोडे जास्त. तेच पुढच्या फोटोंसाठी फिरवून वापरले जातात. व्ह्यूहोल्डर म्हणजे एसटीची सीट. रुमाल सीटवर टाकलात, तर पुढच्या फेरीला तिथे जो बसेल त्याचाच तो समजला जाणार.

नोंद क्रमांकानुसार, म्हणजे पोझिशनवर ठेवणं हाही उपाय नाही. कॅमेऱ्याने नवा फोटो काढला, यादीत तो सर्वांत वर आला, की सगळे क्रमांक एकाने सरकतात आणि डिलीट होतो शेजारचा फोटो. नोंद ठेवायची ती फोटोच्या कायमच्या ओळखीवर. मीडियास्टोअरमधून (फोनमधल्या फोटो-व्हिडिओंची अँड्रॉइडची नोंदवही) फोटो घेत असाल तर तिथला लाँग प्रकारचा आयडी तयारच असतो.

आता पुढचं सगळं हाताने लिहीत बसू नका. अँड्रॉइडएक्सची 'रीसायकलरव्ह्यू-सिलेक्शन' ही लायब्ररी प्रोजेक्टमध्ये घ्या. बोट दाबून धरणं, तसंच ओढत नेऊन ओळीने फोटो निवडणं, कडेला पोचल्यावर आपोआप स्क्रोल होणं, हे सगळं ती करते. निवडीची नोंद ठेवणारा तिचा भाग म्हणजे सिलेक्शनट्रॅकर. त्याच्या बिल्डरला पाच गोष्टी लागतात: एक नाव, रीसायकलरव्ह्यू, की-प्रोव्हायडर (पोझिशन आणि आयडी यांची सांगड घालणारा), डिटेल्सलुकअप (बोटाखाली कोणता फोटो आहे ते सांगणारा) आणि स्टोरेज स्ट्रॅटेजी (निवडलेले आयडी साठवायची पद्धत, लाँग आयडीसाठी 'क्रिएटलाँगस्टोरेज'). बिल्डर बनवण्याआधी रीसायकलरव्ह्यूला अ‍ॅडॅप्टर (यादीतले फोटो व्ह्यूंना पुरवणारा भाग) लावलेला असायलाच हवा, नाहीतर तिथेच अ‍ॅप क्रॅश होतं.

की-प्रोव्हायडर स्वतःचा लिहा. सोबत मिळणारा 'स्टेबलआयडीकीप्रोव्हायडर' सोपा दिसतो, पण त्याला फक्त स्क्रीनवर जोडलेले व्ह्यू माहीत असतात. मोठ्या ग्रिडमध्ये मी तो वापरत नाही. आयटमकीप्रोव्हायडरला 'स्कोप मॅप्ड' (म्हणजे पूर्ण यादीची सांगड माहीत आहे) द्या आणि दोन फंक्शन भरा: पोझिशनवरून आयडी आणि आयडीवरून पोझिशन. दुसऱ्यासाठी दर वेळी पूर्ण यादी धुंडाळू नका. ते वारंवार बोलावलं जातं आणि हजारो फोटो असले की ओढून निवडताना अडखळल्यासारखं होतं. यादी बदलली की आयडीवरून पोझिशन लगेच देणारा एक हॅशमॅप बनवून ठेवा. आयडी सापडला नाही तर 'नो पोझिशन' परत करा.

डिटेल्सलुकअपमध्ये 'फाइंडचाइल्डव्ह्यूअंडर'ला बोटाचे एक्स आणि वाय देऊन व्ह्यू शोधायचा, त्याच्या व्ह्यूहोल्डरकडून पोझिशन व आयडी घ्यायचे. इथे एक खाच आहे. बोटाखाली व्ह्यू सापडला नाही तर तुम्ही नल (म्हणजे 'काहीच नाही') परत कराल, आणि निवड चालू असताना नल आलं की लायब्ररी त्याचा अर्थ 'रिकाम्या जागी टॅप' असा लावते आणि सगळी निवड पुसून टाकते. दोन फोटोंमधल्या ४ डीपीच्या फटीवर बोट पडलं, की मघापासून निवडलेले चाळीस फोटो गेले! वापरणाऱ्याला वाटतं अ‍ॅपच बिघडलं. म्हणून फट आयटमडेकोरेशनने किंवा मार्जिनने न ठेवता आयटमच्या आत पॅडिंगने ठेवा. मध्ये तारखांचे मथळे असतील तर त्यांच्यासाठी नलऐवजी एक खोटा आयडी द्या, उदाहरणार्थ लाँगची कमाल किंमत, आणि सिलेक्शनप्रेडिकेटमध्ये (काय निवडता येईल ते ठरवणारा नियम) तो आयडी नाकारा.

'जास्तीत जास्त १० फोटो' अशी मर्यादा घालायची तीही याच प्रेडिकेटमध्ये. मात्र नाकारायचं ते फक्त निवडताना. टिक काढायला नेहमी परवानगी द्या, नाहीतर दहा झाल्यावर वापरणारा अडकतो.

टिक दाखवणं आता सोपं आहे. निवड बदलली की ट्रॅकर स्वतःच अ‍ॅडॅप्टरला 'सिलेक्शन चेंज्ड मार्कर' या पेलोडसह (नेमकं काय बदललं ते सांगणारी खूण) कळवतो. तुम्ही वेगळं नोटिफाय करू नका. पेलोडवालं ऑनबाइंडव्ह्यूहोल्डर (व्ह्यूमध्ये फोटो भरणारं, म्हणजे बाइंड करणारं फंक्शन) लिहा आणि हा मार्कर आला तर फक्त टिक बदला, फोटो पुन्हा लोड करू नका. टॅप केल्यावर फोटो लुकलुकतो अशी तक्रार असते, तिचं मूळ बहुधा इथेच सापडतं. पूर्ण बाइंडमध्ये मात्र टिक दाखवणं आणि लपवणं, दोन्ही लिहा. नुसतं 'निवडला असेल तर दाखव' लिहिलंत की जुना घोळ परत.

फोटो उघडण्यासाठी व्ह्यूला क्लिक लिसनर लावण्याऐवजी बिल्डरचा 'ऑनआयटमअ‍ॅक्टिव्हेटेडलिसनर' वापरा. निवड चालू नसतानाच तो चालतो. बॅक बटणासाठी ऑनबॅकप्रेस्डकॉलबॅक निवड असेल तेवढ्यापुरता चालू ठेवा आणि त्यात 'क्लिअरसिलेक्शन' करा. स्क्रीन आडवी केल्यावर निवड टिकायला हवी असेल तर ट्रॅकरची सेव्ह आणि रिस्टोअर ही दोन्ही फंक्शन बोलवावी लागतात, आपोआप काही होत नाही.

शेअर किंवा डिलीट करताना 'ट्रॅकर डॉट सिलेक्शन' तसंच पुढे पाठवू नका. ते जिवंत दृश्य आहे, प्रत नव्हे: मागे काम चालू असताना तुम्ही निवड पुसली तर तेही रिकामं होतं. आधी 'कॉपीसिलेक्शन'ने म्युटेबलसिलेक्शनमध्ये प्रत घ्या, मग पुसा. डिलीटसाठी अँड्रॉइड ११ पासून मीडियास्टोअरचं 'क्रिएटडिलीटरिक्वेस्ट' सगळ्या यूआरआयची (फोटोंच्या पत्त्यांची) यादी एकदम घेतं आणि परवानगी एकदाच विचारतं. अँड्रॉइड १० वर दुसऱ्या अ‍ॅपने काढलेल्या फोटोंसाठी रिकव्हरेबलसिक्युरिटीएक्सेप्शन पकडून एकेकाची परवानगी घ्यावी लागते. 

आणि वापरणाऱ्याच्या फोनमधले काही फोटो फक्त उचलून अपलोड करायचे असतील, तर ग्रिडच बनवू नका. 'पिकमल्टिपलव्हिज्युअलमीडिया' हा तयार काँट्रॅक्ट कमाल संख्या घेतो आणि त्याला फोटो वाचायची परवानगीही मागावी लागत नाही.