माळकरी माणसाला कोलेस्टेरॉल कसं काय?

"मॅडम, मी माळकरी, मटण-मच्छी सोडाच, अंडंसुद्धा आमच्या घरात येत नाही, वजन ५८ किलो, मग मला हे कोलेस्टेरॉल आलं कुठून?" थोड्याफार फरकाने हा प्रश्न मला सारखा कोणी ना कोणी विचारतं, म्हणून त्यातली एक केस जरा सविस्तर लिहितेय. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

दादा ४३ वर्षांचे, किराणा दुकान आहे, दरवर्षी आळंदी ते पंढरपूर पायी वारी करतात. भाच्याने मागे लागून बॉडी चेकअप करायला लावलं आणि एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात तो, आला २०४. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, पण हे चिठ्ठी हातात धरून नुसते बसून राहिले म्हणून माझ्याकडे पाठवलं. सोबत बायको होती, आणि त्या ताई पूर्ण वेळ खाली मान घालून, कारण रिपोर्ट आल्यापासून सासूबाईंचं घरात एकच चालू होतं, "तुझ्या हाताला तेल जास्त".

मी आधी ताईंनाच विचारलं, महिन्याला तेल किती लागतं? घरात पाच माणसं आणि तीन लिटर, म्हणजे माणशी ६०० मिली, हे काही जास्त नाही. मी ते दादांसमोरच मोठ्याने बोलले, कारण असा रिपोर्ट आला की घरात कोणावर तरी त्याचं खापर फुटतं आणि बहुतेक वेळा ते स्वयंपाक करणाऱ्या बाईवरच फुटतं. मला याचा खरंच राग येतो.

आता मुद्दा असा की कोलेस्टेरॉल फक्त खाण्यातून येत नाही, बरंचसं शरीर स्वतःच बनवतं, त्यात लिव्हरचा वाटा मोठा. आणि रक्तातलं एलडीएल उचलून घ्यायचं कामही लिव्हरचंच, पण काही घराण्यांत ही उचलण्याची ताकद जन्मापासूनच कमी असते, मग माणूस बारीक असो, शाकाहारी असो, आकडा चढतोच. साधारण २५० माणसांत एकाला हे असतं आणि बहुतेकांना पत्ताच नसतो, कारण दुखत-खुपत काही नाही. एलडीएल १९० च्या पुढे दिसला की डॉक्टरांच्या मनात ही शंका येतेच, म्हणून मी वडिलांचं विचारलं. वडील ४९ व्या वर्षी शेतातच वारले, "ऊन लागलं" असं सगळे म्हणाले. चुलते ५१ व्या वर्षी झोपेत. घरात कोणी हार्टचं नावही काढलं नव्हतं. डॉक्टरांनी परत आत बोलावून दादांची टाच बघितली, टाचेच्या वरची दोरीसारखी शीर (रक्ताची नाही, पोटरीचा स्नायू टाचेला बांधणारी) चिमटीत धरली तर चांगली जाड आणि कडक लागली, दादांना वाटायचं वारीत चालून चालून झालंय, पण तिथे कोलेस्टेरॉल साठलं होतं.

ते ऐकून ताई पहिल्यांदा मान वर करून बघायला लागल्या.

मग गोळीची भीती. "एकदा सुरू झाली की जन्मभर" हे तर प्रत्येकजण म्हणतोच. मी खोटा धीर देत नाही, त्यांच्या बाबतीत हो, बहुतेक जन्मभरच, कारण आजार पण जन्मापासूनचा आहे. पण कोलेस्टेरॉल कमी करणारी ही स्टॅटिनची गोळी काल-परवा आलेली नाही. १९९४ साली हार्टच्या ४,४४४ पेशंटवरचा स्कँडिनेव्हियातला अभ्यास छापून आला, पाचेक वर्षांत गोळी घेणाऱ्यांमधले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी होते. दादांना अजून हार्टचा त्रास झालेला नाही, आणि तो होऊ नये यासाठीच तर ही धडपड.

तरी तिसऱ्या आठवड्यात फोन आला, मांड्या दुखतात, गोळी बंद केली. हे पण फार कॉमन आहे. डॉक्टरांनी सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झालीय का ते बघायची रक्ताची टेस्ट, केली, नॉर्मल आली. मी दादांना २०२० चा एक अभ्यास सांगितला, त्यात असेच त्रासाने स्टॅटिन सोडलेले लोक होते, त्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी आणि काही महिने काहीच नाही असं दिलं, तर खऱ्या गोळीवर जो त्रास जाणवला त्यातला ९० टक्के बिनऔषधाच्या गोळीवरही जाणवला. दुखणं खोटं नसतं हां, दुखतं ते दुखतंच, पण मनात भीती घेऊन गोळी गिळली की शरीराकडे आपलं लक्ष फार जातं. काहींना मात्र स्नायूंचा खरा त्रास होतो, खूप अशक्तपणा आला किंवा लघवी गडद झाली तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. आपल्या मनाने बंद करायची नाही, डोस किंवा गोळी बदलता येते. दादांची बदलली, आणि नंतर सोबत दुसरी एक गोळी जोडली. आता एलडीएल ८२ आहे, डॉक्टरांना ७० च्या आत हवाय. आणि ८२ बघून दादा लगेच म्हणाले "झालं की नॉर्मल, आता सोडू?" तर नाही, गोळी चालू आहे म्हणून तो ८२ आहे.

खाण्यात फार काही बदलायचं नव्हतं. दुकानातली खारी, वनस्पती तुपातली बिस्किटं चहाबरोबर दिवसभर चालायची ती कमी केली, मोड आलेल्या उसळी वाढवल्या. खरा त्रास होता तंबाखूचा. गल्ल्यावर बसून दिवसभर मळायची, आणि माळ घातलेला माणूस असून याचं त्यांना काही वाटत नव्हतं. इथे मी जरा कडक बोलले, की दादा, एलडीएल तुमच्या हातात नव्हता, हे आहे. १८००-११२-३५६ हा सरकारी फुकट नंबर मी त्यांना लावून दिला, दोनदा सुटली, दोनदा परत लागली, सध्या बंद आहे.

सगळ्यात अवघड गेलं ते मुलांचं. आई किंवा वडिलांना हा आजार असला की प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, म्हणून १४ वर्षांची मुलगी आणि ९ वर्षांचा मुलगा दोघांची टेस्ट हवी होती. साधी रक्ताची टेस्ट, बहुतेक वेळा उपाशीही राहावं लागत नाही. ताई रडायलाच लागल्या, "पोरीच्या रिपोर्टवर असं काही आलं तर उद्या लग्नाला कोण विचारेल?" ही भीती मी हसण्यावारी नेत नाही, आपल्याकडे असं होतं. मी एवढंच विचारलं की तुमच्या सासऱ्यांना ३० व्या वर्षी हे कळलं असतं तर? आणि रिपोर्ट कोणाला दाखवायचा हे आपणच ठरवायचं, तो काही पत्रिकेबरोबर पाठवायचा नसतो. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या आठवड्यात दोघांना घेऊन आल्या. मुलगा नॉर्मल, मुलीचा एलडीएल १७८. आता ती मुलांच्या डॉक्टरांकडे आहे, गोळी कधी सुरू करायची ते तेच ठरवतील, आणि लहान वयात कळल्यामुळे तिच्या हातात वडिलांपेक्षा कितीतरी जास्त वेळ आहे.

दादांचा धाकटा भाऊ अजून टेस्टला तयार नाही, "मला काय झालंय" म्हणतो. वय ३९, वडील-चुलते कसे गेले ते त्यालाही माहितीये. पुढच्या खेपेला ताई जावेला सोबत आणणार आहेत, मी तिच्याशी आधी बोलणार आहे.